पोलंडवाल्याचा पोरगा

आमच्या घरात पोलंडचा माणूस मीच आणला. कोणी पाहुणाबिहुणा नाही. पाचशे वर्षांपूर्वी मेलेला एक सरदार, आणि तोही पुस्तकातून. पण त्या माणसापायी माझ्या लग्नात जे झालं ते आठवलं की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं. दोष त्याचा काडीचाही नाही. दोष माझा. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय!

तेव्हा मी साकोलीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी बसून इतिहासात एम.ए. करत होते. घरी बसून म्हणजे नागपूरला फॉर्म भरायचा, कोणाकोणाची जुनी पुस्तकं मागून आणायची आणि परीक्षेपुरतं एसटीने जायचं. आमचं गाव एकोडीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये. मोठ्याने वाचल्याशिवाय माझं पाठ होत नसे. म्हणून मी दुपारी घरापुढच्या छपरीत येरझारा घालत वाचायची, आणि बाबा तिथेच खाटेवर बसून दावी वळत ऐकायचे. बाबा सातवी पास. पण ऐकायचा नाद असा की मी पाणी प्यायला थांबले तरी म्हणायचे, "काहून थांबली व? मंग काय झालं त्याचं?"

एक दिवस मध्ययुगातल्या युरोपच्या धड्यात हा सरदार आला. सगळा मिळून दीड पानात आटोपलेला. मोठ्या घरचा, जमीनजुमल्याचा माणूस. इटलीत जाऊन कायदा शिकून आला, राजाच्या दरबारात मोठमोठ्या जागांवर बसला, आणि आपल्या राज्याचा कारभार कुठे कुठे सडला आहे, तो कसा सुधारायचा, यावर एक पुस्तक लिहून बसला. त्यात म्हणे, राजा कोणाच्या ताबेदारीत नाही, रोमच्या धर्मगुरूच्यासुद्धा नाही. तिकडे पैसा पाठवणं बंद करा. शहरातल्या लोकांचे खटले फैसल्यासाठी परक्या मुलखातल्या जर्मन गावाला जातात, ही शरमेची गोष्ट आहे. आपला न्याय आपल्या घरी करा, आणि आपल्या बोलीत करा. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, कायदा सगळ्यांना एकच असावा. लहानाला वेगळा, मोठ्याला वेगळा, असं नको.

बाबांच्या हातातलं दावं थांबलं. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"मोठ्या घरचा माणूस, अन् मोठ्याइलेच नियम लावून राहिला? गजब माणूस हाय बापा!"

त्याचं नाव काही बाबांच्या तोंडात बसेना. मलाही धड येत नव्हतं. त्यामुळे आमच्या घरात तो 'पोलंडवाला' झाला. जेवताना, बैलांना वैरण टाकताना, कुठेही बाबा मध्येच विचारायचे, "पोलंडवाला याच्यावर काय म्हणते?" आई वैतागायची. म्हणायची, "तुमच्या पोलंडवाल्याले इचारा ना, कोठीत तांदूळ सरले, आता काय करू?"

आता हा माणूस बाबांना एवढा का आवडला, ते सांगते. आमच्या समाजाचं एक मंडळ होतं. लग्नं, काडीमोड, भाऊबंदकीची भांडणं, सगळं त्याच्यापुढे जायचं. जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला, भंडाऱ्याचं भंडारा राहिलं. पण मंडळाची जुनी माणसं सगळी गोंदियाच्या वाट्याला गेली आणि आमचे तंटे मात्र वर्षानुवर्षं तिकडेच जात राहिले. इकडचा बाप, इकडची पोरगी, आणि तिचं भलंबुरं ठरवणार दुसऱ्या जिल्ह्यातले चार म्हातारे. शेवटी आमच्याकडच्या लोकांनी वेगळं मंडळ केलं आणि बाबांना अध्यक्ष केलं. नवी नियमावली लिहायची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात पडली. अशा वेळी परक्या गावाला फैसले पाठवू नका म्हणणारा माणूस त्यांना सापडला. देवच भेटला म्हणा ना!

नियमावली मी लिहून काढली. मी लिहायची 'सदरहू मंडळाच्या सभासदांनी', आणि बाबा म्हणायचे, "खोड ते. पोलंडवाला म्हणते लोकाइच्या बोलीत लिव." मग मी कपाळाला हात लावून लिहायची, 'लग्न टायमावर लावा.' तोच आमचा मुख्य नियम होता. कारण आमच्या भागात वरात म्हणजे काय प्रकार असतो ते पाहिलेल्यालाच कळेल. मुहूर्त सकाळी साडेअकराचा, आणि धुमाल पार्टीच्या ढोलताशांवर नाचत नाचत वरात मांडवात येणार तीनला. मे महिन्याचं ऊन. लेकरं भुकेने रडतात, वरण आंबतं. त्याच्या आदल्याच वर्षी एक म्हातारे गृहस्थ मांडवात चक्कर येऊन पडले होते. तेव्हा नियम असा ठरला की ठरलेल्या वेळेपेक्षा तासाहून जास्त उशीर झाला, तर नियमावलीवर सह्या करणाऱ्यांनी त्या मांडवात अन्नाला हात लावायचा नाही. पैशाचा दंड नाही, काही नाही. नुसतं जेवायचं नाही. आणि आमच्यात समाजाची माणसं न जेवता पंगतीवरून उठणं म्हणजे पैशाच्या दंडापेक्षा वाईट. त्या घरची मान दहा गावांत खाली जाते.

आईने हे ऐकलं आणि चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "वरात उशिरा आणते पोरावाला. मांडव असते पोरीवाल्याचा. मंग शिक्षा कोणाले व?"

किती सरळ गोष्ट! पण नियम करायला बसलेले मंडळाचे अकराही जण पुरुष, आणि प्रत्येक जण मनातून नवऱ्याचा बाप. एकाच्याही डोक्यात ते शिरलं नाही. बाबा म्हणाले, "पोरीवाल्यानं पहिलेच बजावून ठेवावं ना व्याह्याले." आणि मी, शिकलेली पोरगी, मीही आईचं बोलणं लिहून घेतलं नाही. मला तेव्हा पोलंडमध्ये जास्त रस होता.

त्याच दुपारी बाबांनी मला तो प्रश्न विचारला. "मले एक सांग. पोलंडवाल्यानं लिवलं त ठीक हाय. लिवाले काय लागते! पर आपल्या घरी पाळलं का?"

पुस्तकात त्याबद्दल अक्षर नव्हतं. त्याला मूलबाळ होतं की नव्हतं हेही त्या दीड पानात नव्हतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की बाबा, मला माहीत नाही. पण बाबा माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, जशी मी सगळ्या जगाची किल्ली कमरेला लावून फिरते. आणि मला तो पोलंडवाला हरलेला पाहवेना. खरं सांगू? मला मी हरलेली पाहवेना.

"हो ना!" मी म्हटलं. "त्याच्या स्वतःच्या मुलाने कायदा मोडला होता. तो स्वतः न्यायाला बसला आणि मुलाला सगळ्यांसारखीच शिक्षा दिली. सोडलं नाही."

बाबांनी नियमावलीची वही माझ्याकडे सारली. मग म्हणाले, "लिव. नियम करणाऱ्याच्या घरी बी सवलत नाही."

झालं. माझ्या एका फोकनाडीवर, एका थापेवर, एक कलम उभं राहिलं.

त्यानंतर तो पोरगा बाबांच्या तोंडी वाढायला लागला. पहिल्या सभेत तो नुसता पोरगा होता. दुसऱ्या सभेत एकुलता एक झाला. तिसऱ्या सभेपर्यंत त्याची आई नवऱ्याच्या पायावर पडून रडत होती आणि पोलंडवाला म्हणत होता, "माय म्हणून रड, पर फैसला बदलत नाही." लोक डोळे पुसायचे. मी मागे बायकांत बसून ऐकायची. एकदा मी म्हटलंही, "बाबा, इतकं काही नाही पुस्तकात." तर म्हणाले, "उलीसं वाढवून सांगा लागते, सभा हाय." आता मी काय सांगणार, की उलीसं नाही, मुळातच नाही!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नाही.

बाबांचे एक जिवलग मित्र होते. लहानपणी दोघे एकाच शाळेत, एकाच बाकावर. मी त्यांना काका म्हणायची. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं होतं आणि नव्या वसाहतीत सरकारी प्लॉटवर त्यांनी दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. तिथे त्यांच्या धाकटीचं लग्न निघालं. मंडळाची नियमावली झाल्यावर आमच्या नात्यागोत्यातलं ते पहिलं मोठं लग्न. बाबा अध्यक्ष, त्यामुळे सह्या करणारे अकराही जण हजर.

सकाळच्या मुहूर्ताला वरात आली नाही. बारा वाजले, एक वाजला. फोन लावावा तर रेंज नाही. शेवटी दोन वाजता टेम्पो आले, तेव्हा कळलं की ड्रायव्हर नवीन वसाहतीकडे न येता जुन्या गावाच्या रस्त्याने गेला होता. पत्रिकेवर गावाचं नाव तेच ना! आणि तो रस्ता पुढे जाऊन थेट पाण्यात उतरत होता. नवरदेवासकट सगळी वरात त्या पाण्याच्या काठावर उभी. नाचले नाहीत, प्यायले नाहीत, बिचारे उन्हात वाट शोधत फिरले.

मला वाटलं, आता बाबा म्हणतील की यात कोणाचा दोष नाही. मला शंभर टक्के वाटलं.

लग्न लागलं. पानं मांडली. काका स्वतः बुंदीची परात घेऊन पहिल्या पंगतीत आले आणि बाबांच्या पानापुढे वाकले. बाबांनी पानावर हात आडवा धरला.

"नियम हाय गा," बाबा म्हणाले. "तुह्यासाठी सोडलो त उद्या सगळ्याइसाठी सोडा लागन. पोलंडचा सरदार आपल्या पोटच्या पोराले सोडला नाही. मी दोस्ताले कसा सोडू?"

आणि बाबा उठले. त्यांच्यामागे दहा जण उठले.

काका तसेच वाकलेले राहिले. परात हातात, हाताला बुंदी चिकटलेली, आणि तोंड असं की कोणीतरी भर बाजारात कानफटात मारली आहे.  मी तिथेच, बायकांच्या पंगतीत बसले होते. मला उठून ओरडता आलं असतं, बाबा, तो पोरगाच नव्हता! माझी जीभ टाळ्याला चिकटून बसली. ज्या जिभेला खोटं बोलायला क्षण लागला नाही, तिला खरं बोलायला हलता येईना.  आणि वरून, सांगायलाही लाज वाटते, मी माझ्या पानावरचं जेवले. माझी काही सही नव्हती ना!

त्यानंतर काका आमच्याकडे यायचे थांबले. बाबा दोनदा जाऊन आले, तेव्हा ते घरात असून नाही म्हणून सांगितलं गेलं. बाबा परत येऊन खाटेवर बसायचे आणि म्हणायचे, "पोलंडवाल्याले बी असंच झालं असन. पोरगा बोलला नसन त्याच्यासंग मंग."  आज सांगते, उद्या सांगते, असं करत वर्ष गेलं, आणि माझंच लग्न ठरलं.

मुलगा दिघोरीच्या बाजूचा, झेडपीच्या शाळेत मास्तर. घर चांगलं, शेती चांगली. बाबांनी व्याह्यांना एकदा नाही, चारदा बजावलं. पत्रिकेवर छापलं. आदल्या दिवशी माणूस पाठवला. व्याही हसून म्हणाले, "अध्यक्ष साहेब, तुम्ही काळजीच करू नोका." बाबा स्वतः पत्रिका घेऊन काकांकडे गेले, आणि या वेळी काकांनी दार उघडलं. येतो म्हणाले. त्यापेक्षा एक शब्द जास्त नाही.

मुहूर्त साडेअकराचा. साडेबाराला लांबून ढोलाचा आवाज आला आणि मला हायसं वाटलं. पण आवाज जागचा हलेना. गावाच्या वेशीपाशी, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर, माझा होणारा नवरा गळ्यात हार घालून नाचत होता! मास्तर! दीड वाजला. मला माझ्या मैत्रिणी बातम्या आणून देत होत्या, "आता आंब्याच्या झाडापाशी आले," "आता पुन्हा मागे गेले." आई हळदीच्या हाताने कपाळ बडवत होती. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" बाबा मांडवाच्या तोंडाशी मनगटावरचं घड्याळ पाहत उभे. त्यांनी दोनदा माणूस धाडला, एकदा स्वतः गेले. व्याही त्यांनाच हाताला धरून नाचवायला लागले म्हणे.

वरात मांडवात आली तेव्हा अडीच वाजून गेले होते.

अक्षता पडल्या. कन्यादान झालं. आईबाबा सकाळपासून उपाशी, कन्यादानाचा उपास. आता रिवाज असा, की पहिल्या पंगतीत मुलीच्या बापाने व्याह्यांच्या बाजूला बसून जेवायचं. त्याशिवाय व्याही घास उचलत नाहीत. दोन घरं जुळली ती तिथे, त्या पानावर.

व्याही पानावर बसले आणि शेजारचं पान थोपटून म्हणाले, "या व्याही, बसा."

बाबांनी हात जोडले. "तुम्ही जेवा. मी वाढतो. मी बसत नाही."

मी मुंडावळ्या बांधून आतल्या दारात उभी होते.  मी दाराची चौकट धरली. मला वाटलं होतं की बाबा नियमाचे कितीही पक्के असले तरी मुलीच्या लग्नात काहीतरी वाट काढतील. सगळ्यांनाच वाटलं होतं. सह्या करणारे दहाही जण खाली माना घालून बसले होते, आता अध्यक्ष बसले की आपण सुटलो, या आशेने. पोटात कावळे ओरडत होते बिचाऱ्यांच्या.

व्याह्यांना आधी ती थट्टा वाटली. मग कळलं. त्यांचं तोंड लाल झालं. "म्हणजे आमच्या हातून घोर पाप झालं का? पोरगी द्याची अन् आमच्या पंगतीले बसाचं नाही? मंग आम्ही बी बसत नाही. चला रे, उठा!" आणि पुढची सगळी रांग उठायला लागली. वरातीतलं कोणीतरी म्हणालं, पोरगी इथेच राहू द्या, अध्यक्षांना नियम पाळायला उपयोगी पडेल. माझा नवरा बाशिंग बांधून एका कोपऱ्यात उभा, तोंडावर माशी बसली तरी हलेना असा. आई बाबांच्या दंडाला धरून गदागदा हलवत होती. "जेवा हो! एक घास खा! पोरीचं वाटोळं कराचं हाय का?"

बाबांचा आवाज चढला नाही. हात जोडलेलेच. म्हणाले, "पोलंडचा सरदार..."

तेवढं ऐकलं आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं. मी दारातून बाहेर आले. नवी नवरी, भर मांडवात, सगळ्या पुरुषांच्या मधोमध. बायकांनी माझा पदर मागून ओढला, तो मी झटकला.

"बाबा, ते खोटं आहे!"

बाबांनी वळून पाहिलं. "काय?"

"पोलंडवाल्याच्या मुलाचं. पुस्तकात नाही ते. मी बनवलं होतं. तुम्ही विचारलं, घरी पाळलं का, आणि मला माहीत नव्हतं म्हणून मी बनवून सांगितलं. त्याला मुलगा होता का तेही मला माहीत नाही. बाबा, कोणी कोणाला शिक्षा दिली नाही. तुम्ही जेवा!"

मला वाटलं, आता सुटेल. ज्या खुंटीवर हा सगळा भार टांगला होता ती खुंटीच मी काढून टाकली होती. आता बाबा चिडतील, मला दोन शिव्या घालतील, आणि जेवायला बसतील.

बाबा चिडले नाहीत. माझ्याकडे असे पाहत राहिले जसं कोणी आपल्याच घरात शिरून आपलं घर ओळखत नाही. मी ती नजर आधी कधी पाहिली नव्हती. ते हळूच म्हणाले, "तू बनवली?" मी मान हलवली. मग त्यांची नजर माझ्यावरून सरकली आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या काकांवर गेली. मीही तिकडे पाहिलं. सगळा मांडव तिकडे पाहायला लागला. काकांनी डोळे खाली घेतले नाहीत.

"पोलंडचं खोटं निंगालं," बाबा म्हणाले. "पर मी याच्या पानावरून उठलो, ते त खोटं नोयतं ना? ते त मीच केलो. आता आपल्या पोरीच्या लग्नात जेवू कसा?"

 व्याही अर्धवट उठलेले तसेच राहिले.

काका खांबापासून निघाले. शांतपणे चालत आले, चप्पल बाजूला काढली, आणि व्याह्यांच्या शेजारच्या त्या रिकाम्या पानावर मांडी घालून बसले. मला वाटलं माझे डोळे मला फसवताहेत.

"माही सही नाही त्या कागदावर," ते व्याह्यांना म्हणाले. "पोरीच्या बापाच्या जागी मी बसतो. चालन ना तुमाले? लहानपणापासून कडेवर खेळवलं हाय मी तिले." मग त्यांनी मान वर केली, आणि वर्षभरात पहिल्यांदा बाबांशी बोलले. "पाहून काय राहिलास गा? वाढ."

बाबा वाढायला लागले. वरणाची बादली घेऊन ते काकांच्या पानापुढे वाकले. व्याही बसले. काय करणार! त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा आई तिथेच मटकन खाली बसली आणि पदरात तोंड खुपसून रडली. ते दहा जण मात्र शेवटपर्यंत जेवले नाहीत. अध्यक्षच उपाशी वाढतो म्हटल्यावर कोणत्या तोंडाने बसणार?

आणि मी? मी उभी होते.  माझ्या खोटेपणावर एक शब्द कोणी काढला नाही, आणि तेच मला सोसवेना. कोणीतरी एक थप्पड मारली असती तर बरं वाटलं असतं.

उन्हं उतरता उतरता निघायची वेळ झाली. जीप मांडवाबाहेर लागली. बायका गळ्यात पडून रडल्या, आई रडली, काकांनी डोक्यावर हात ठेवला. बाबा शेवटी आले. त्यांचे ओठ सुकले होते, सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. मी त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हटलं, "बाबा, मला माफ करा. आणि आता घरात जाऊन काहीतरी खा."

ते म्हणाले, "एक खरं सांगशीन? पुस्तकात काय हाय त्याच्याबद्दल? पाळलं का त्यानं?"

"काही नाही, बाबा. पाळलं की नाही, काहीच लिहिलेलं नाही."

"मंग तवाच तसं सांगाचं होतं ना व."

"तुम्ही मग तो नियम केला नसता. काकांच्या पानावरून उठला नसता."

"नियम मी केलोच असतो," बाबा म्हणाले. "पर त्या दिवशी तुह्या काकाच्या पानावरून उठताना मले माह्या जिवाले इचारा लागलं असतं. तू मले इचारूच देली नाही."

ड्रायव्हरने जीप चालू केली. दार लावताना बाबांनी माझा शेला आत सारला, अडकू नये म्हणून. सासरी पोचेपर्यंत सगळे म्हणत होते, नवरी किती धीराची आहे, एक टिपूस काढत नाही. मी बाबांनी आत सारलेलं शेल्याचं टोक मुठीत धरून बसले होते.